पडलेल्या माणसानं पडणारा माणूस बघावा का? ('अ शॉट इन द डार्क'बद्दल विचारायचं आहे)

शिंप्याची लेक, सांगली

आधी घरचं थोडं सांगते, नाहीतर प्रश्न कळायचा नाही.

माझे वडील, आण्णा, शिंपी. गावभागात ४२ वर्षं दुकान होतं. कोट आणि सफारीत त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. २०१९ च्या पुरात दुकानात पुरुषभर पाणी होतं, मशीन आठ दिवस गाळात. ते त्यांनी स्क्रू न् स्क्रू उघडून रॉकेलनं धुतलं आणि दिवाळीच्या आत पुन्हा चालू केलं. असा माणूस. दीड वर्षापूर्वी कटिंगच्या टेबलापाशी उभे असतानाच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. पाय बराचसा परत आलाय, वॉकर धरून घरातल्या घरात फिरतात. हात आलेला नाही. आणि बोलणं गेलं. 'हं', 'बरं' आणि 'मंगळवार' एवढे तीन शब्द उरलेत. मंगळवारच का, ते आम्हाला उमगलेलं नाही. चहा हवा असला तरी मंगळवार, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी मंगळवार.

टीव्ही त्यांना सोसेना झाला. पूर्वी विनोदी नाटक म्हणजे जीव की प्राण, पण आता पात्रं भराभरा बोलायला लागली की यांचा चेहरा मिटतो. दहा मिनिटांत तोंड भिंतीकडे. आपल्यापुढं हसणं चाललंय आणि आपल्याला त्यात जागा नाही, हे त्यांना कळतं. ते बघणं फार वाईट असतं.

गेल्या महिन्यात भाऊ पुण्याहून आला, त्यानं पेनड्राइव्हवर काही जुने सिनेमे आणले होते. त्यातला १९६४ चा 'अ शॉट इन द डार्क' मी रविवारी दुपारी सहज लावला. इंग्रजी आहे, आण्णांना काय कळणार, असंच वाटलं होतं. सुरुवातीला रात्रीचा एक मोठा बंगला दिसतो, माणसं एकेका खोलीतून चोरपावलांनी बाहेर पडतात, दारं उघडतात, मिटतात. बोलणं एक अक्षर नाही, फक्त गाणं. आण्णा बघत राहिले. मग खुनाच्या तपासाला आलेला धांदरट फ्रेंच पोलीस, इन्स्पेक्टर क्लूसो, गाडीतून उतरतो तो थेट कारंज्याच्या हौदात. आण्णांच्या घशातून 'हंऽ' असा आवाज आला. मी वळून बघितलं तर हसत होते. डावी बाजू पूर्ण, उजवी अर्धी.

पण खरं सांगायचंय ते बिलियर्डच्या प्रसंगाचं. क्लूसो घरमालकाची चौकशी करायला जातो, मालक बिलियर्ड खेळत असतो. हाही काठी घेतो, ती निघते वाकडी. नेम धरतो आणि टेबलावरचं हिरवं कापड टर्रकन फाडतो. त्या क्षणी आण्णांनी दातातून 'स्स्स' केलं, कुणी त्यांच्याच टेबलावरचं कापड तिरकं कापल्यासारखं. आणि मग डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी चालवत माझ्याकडे बघून इतके हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. दीड वर्षात त्यांनी मला काहीतरी सांगितलं असं मला पहिल्यांदा वाटलं. बघ, कापड फाडलं बघ त्यानं.

त्यानंतर तो सिनेमा आम्ही चार रविवार बघितला. (मधला त्या निर्वस्त्र लोकांच्या छावणीचा भाग मी पुढं ढकलते.) पण आत्या आमच्याकडे असते, आण्णांची थोरली बहीण, ती माझ्यावर रागावली आहे. म्हणाली, "अगं, पडलेल्या माणसाला पडणारा माणूस काय दाखवतीस? त्याच्या जिवाला लागत नसंल का?" ते मनात घर करून बसलंय. कारण आण्णा खरंच पडलेत. टेबलापाशी एकदा, नंतर परसात दोनदा.

तर विचारायचं हे. या सिनेमात असं काय आहे, की जे बाकी विनोदात नाही? आत्या म्हणते त्यात तथ्य आहे का? आणि हा संपला की पुढं काय दाखवू?

---

रंगपट, मिरज

ताई, तुमचा प्रश्न वाचून रात्री पुन्हा तो सिनेमा लावून बसलो. मी ३० वर्षं हौशी रंगभूमीवर आहे, राज्य नाट्य स्पर्धेत बहुतेक वेळा विनोदी भूमिकाच वाट्याला आल्या, तेव्हा पडण्याबद्दल बोलायचा थोडा अधिकार आहे.

आत्याबाईंना सांगा, तो प्रसंग पडण्याचा नाहीच. कारंज्याचा प्रसंग घड्याळ लावून बघा. पडणं एका सेकंदात संपतं. त्यानंतर क्लूसो पाणी निथळत घरात येतो, आणि चौकशी अशी सुरू करतो की कपडे ओले असणं ही पोलिसांची रीतच आहे. कुणी म्हणालं, सर्दी होईल तुम्हाला, तर तेही तो भारदस्तपणे मान्य करतो. क्लूसो करणारा नट पीटर सेलर्स त्या पात्राला कधीही लाजू देत नाही. हात अडकतो, बोट अडकतं, दार समजून भिंतीवर आदळतो, आणि बाहेर पडताना चेहऱ्यावर भाव असा, की चूक भिंतीची आहे, घर बांधणाऱ्याचीच चौकशी केली पाहिजे. आम्हाला तालमीत आमचे दिग्दर्शक एकच गोष्ट घोकून घ्यायचे: पडल्यावर प्रेक्षकांकडे बघायचं नाही, आधी टोपी शोधायची. ज्याला टोपीची काळजी आहे तो माणूस अजून उभाच आहे. आण्णांना ते दिसतंय. शिंप्याला तर आधी दिसणार. क्लूसो प्रत्येक वेळी कोट सारखा करतो, बघितलंत ना?

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. दिग्दर्शक ब्लेक एडवर्ड्सनं हा सिनेमा पॅनाव्हिजनमध्ये, म्हणजे चांगल्या रुंद चौकटीत केलाय, आणि विनोदाच्या जागी तो कॅमेरा लांब ठेवतो. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, शेजारी त्याच्यावर काय कोसळणार आहे तेही दिसतं. बिलियर्डच्या खोलीत काठ्यांचा स्टँड आपल्याला आधीच दिसतो. क्लूसो त्या वाकड्या काठीशी झटतोय, मालक जॉर्ज सँडर्स मख्ख उभा आहे, आणि आपण मनात म्हणतोय, आता स्टँडला हात लावू नको बाबा. म्हणजे पुढं काय होणार ते प्रेक्षकाला क्लूसोच्या आधी कळतं. तुमच्या आण्णांना दीड वर्ष सगळं सगळ्यांच्या नंतर कळतंय. इथं त्यांना आधी कळतं. मला वाटतं खरी चव इथं आहे.

म्हणून एक कळकळीची विनंती. टीव्हीवर वरखाली काळ्या पट्ट्या दिसत असतील तर दिसू द्या. रिमोटवरचं झूमचं बटण दाबून पडदा भरून घेतला की दोन्ही कडा कापल्या जातात, आणि या सिनेमातला निम्मा विनोद कडेला घडतो.

आता एक आपल्या मातीतली गोष्ट. हा सिनेमा आला कुठून? मार्सेल आशार नावाच्या फ्रेंच लेखकाचं नाटक, त्याचं हॅरी कर्निट्झनं ब्रॉडवेसाठी इंग्रजी केलं, आणि त्यावरून हा सिनेमा. मूळ नाटकात क्लूसो नाहीच. एडवर्ड्सनं तो आधीच्या 'द पिंक पँथर'मधून उचलून आणला आणि विल्यम पीटर ब्लॅटीच्या सोबतीनं सगळी गोष्ट त्याच्याभोवती नव्यानं रचली. (हाच ब्लॅटी पुढं 'द एक्झॉर्सिस्ट' ही भयकादंबरी लिहितो. भीती आणि हसू या दोन्हींना वेळ अचूक साधावी लागते, म्हणून मला यात नवल वाटत नाही.) फ्रेंचातून इंग्रजीत, तिथून आणखी कुठं, ही वाट आपल्याला नवी आहे का? आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी हेच केलं. मोलिएरचं फ्रेंच प्रहसन, त्यावरून आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक, आणि त्यावरून 'संशयकल्लोळ', जे १९१६ मध्ये गंधर्व मंडळींनी रंगभूमीवर आणलं.

दोन्ही शेजारी ठेवून बघा. फाल्गुनरावाला बायकोच्या हातात एक तसबीर दिसते आणि तेवढ्यावर तो संशयाचा डोंगर रचतो. क्लूसोला बंगल्यातल्या मोलकरणीच्या, मारियाच्या हातात धूर निघणारं पिस्तूल दिसतं, पुढं माळ्याच्या खुनात रक्तानं माखलेली बागकामाची कात्री दिसते, आणि तरी तो म्हणतो ही पोरगी निर्दोष आहे. एक पुराव्यावाचून संशय घेतो, दुसरा पुरावा नाकाशी आला तरी विश्वास सोडत नाही. दोघंही आपल्या मतावरून तसूभर हलत नाहीत, आणि विनोद त्या न हलण्यातून येतो.

पुढं काय दाखवायचं, तर डोळे झाकून बस्टर कीटनचा 'शर्लक ज्युनियर', १९२४ चा मूकपट, पाऊण तासाचा. सिनेमाचं यंत्र चालवणारा एक पोरगा झोपेत गुप्तहेर होतो आणि समोरच्या पडद्यात शिरतो. त्यातही बिलियर्डचा खेळ आहे, तेरा नंबरच्या चेंडूत स्फोटकं भरलेली असतात आणि कीटन बाकीचे सगळे चेंडू मारतो, तेवढा एक चुकवत जातो. शब्द कळायची अडचणच नाही. त्यात पाण्याच्या टाकीचा लोंढा कीटनवर पडतो तो प्रसंग आहे, तेव्हा त्याच्या मानेचं हाड मोडलं होतं आणि ते त्याला कितीतरी वर्षांनी एक्स-रेत कळलं. तो उठून पळत गेला होता. हे आण्णांना सांगू नका, पण तुम्ही लक्षात ठेवा.

---

वाचा, विश्रामबाग

मी स्पीच थेरपिस्ट आहे, झटक्यानंतर बोलणं गेलेल्या माणसांबरोबर रोजचं काम. तुमच्या वडिलांना तपासलेलं नाही, तेव्हा उपचार सांगत नाही, फक्त तुमच्या प्रश्नापुरतं बोलते.

बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते, तोच भाग उजवं अंग चालवतो, म्हणून उजवं अंग आणि बोलणं बऱ्याचदा एकदम जातं. याला अफेझिया म्हणतात. यात बुद्धी जात नाही. हे मी रोज दहा घरांत सांगते, आणि तरी लोक अशा माणसाशी लहान मुलासारखं बोलतात. एकच शब्द पुन्हा पुन्हा येणं, तुमचा 'मंगळवार', हेही नेहमीचं आहे. त्या शब्दाच्या अर्थाकडे बघू नका, सूर ऐका. चहाचा मंगळवार आणि पंख्याचा मंगळवार वेगळा ऐकू येईल.

भराभर चाललेले संवाद पकडताना त्यांची दमछाक होते. एक वाक्य उलगडेपर्यंत पुढची तीन जातात. पण माणूस दाराऐवजी भिंतीवर आदळला, हे समजायला वाक्य लागत नाही. दोन बोटांची कात्री त्यांनी तुम्हाला करून दाखवली, ते बोलणंच होतं, ताई. तुम्हीही तीच खूण करून उत्तर द्या. त्याच खुणा वाढवत न्या. फाटलं, पडलं, ओलं झालं, दार बंद. सिनेमा थांबवून विचारा, आता काय होणार? त्यांना हातानं सांगू द्या. घाई करू नका, मनात दहापर्यंत मोजा.

दोन सूचना. झटक्यानंतर काही जणांना कारण नसताना हसू किंवा रडू येतं आणि आवरत नाही. तुमच्या वर्णनावरून आण्णा विनोदाच्या जागेवरच हसताहेत, तेव्हा काळजीचं दिसत नाही, पण दुःखाच्या जागीही हसू येऊ लागलं तर डॉक्टरांच्या कानावर घाला. दुसरं, सिनेमा बघताना त्यांच्यापुढं खायला ठेवू नका. विशेषतः भडंग. झटक्यानंतर गिळण्याची ताकद कमी झालेली असू शकते, आणि हसताना घास श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही. चुरमुरा हलका दिसतो, पण ठसका जोरात लावतो. आधी खाणं, तोंड रिकामं, पाठ ताठ, मग क्लूसो.

आत्याबाईंच्या प्रश्नावर माझ्याकडे शास्त्र नाही. पण चार रविवार ज्यांनी तोंड भिंतीकडे केलं नाही, त्यांनी उत्तर दिलेलंच आहे.

---

निवृत्त हवालदार, सातारा

नमस्कार ताई. मी ३४ वर्षं पोलीस खात्यात काढली. इंग्रजी जेमतेम. हा सिनेमा नातवानं दाखवला, खालची अक्षरं तोच वाचून सांगत होता. मला पोलिसाच्या नजरेनं दिसलं ते लिहितो.

पयल्यांदा मला तो वरचा साहेब भावला, ड्रेफस. हर्बर्ट लोम म्हणून नट आहे. क्लूसोचं नाव निघालं की त्याचा डोळा फडफडतो. सिगार कापायचं छोटं यंत्र असतं, त्यात तो स्वतःचाच अंगठा कापून घेतो. लोक हसतात, मीही हसलो, पण माझ्या पोटात कालवलं. अशा हाताखालच्या माणसाबरोबर मी काम केलंय. मनानं सोन्यासारखा, आणि पंचनाम्याला गेला की जिथं पाय ठेवू नये तिथं नेमका ठेवायचा. आमचे साहेब रागानं लाल व्हायचे. आणि तरी त्या पोरानं उभ्या नोकरीत एक पैसा खाल्ला नाही, एका गरिबाला विनाकारण हात लावला नाही.

क्लूसो तसला आहे. त्या बंगल्यात सगळे पैसेवाले, अन् गोत्यात कोण, तर घरकामाची पोरगी, मारिया. पिस्तूल तिच्या हातात. कुठल्याही ठाण्यात तिला आत टाकून फाईल बंद झाली असती. हा एकटा म्हणतो, नाही. तो तिच्यावर भाळलाय म्हणून म्हणतो, तपासाची अक्कल त्याला काडीची नाही, हे सगळं खरं. पण शेवटी निघतं काय? (ज्यांनी बघितला नाही त्यांनी पुढचं वाचू नये.) त्या घरात एक तीच निर्दोष असते. बाकीचे आपसात भांडून आपल्याच तोंडानं सगळं ओकतात, अन् दिवे जाताच पळून क्लूसोच्या गाडीत शिरतात. साहेबानं क्लूसोला मारायला गाडीत लावलेला बॉम्ब नेमका त्यांनाच लागतो. मला तो शेवट बघून बरं वाटलं. फार दिवसांनी कुणी पोलीस चुकून का होईना, गरिबाच्या बाजूनं उभा राहिलेला बघितला.

परवान्याचं तर सांगायलाच पायजे. क्लूसो वेष पालटून पाळत ठेवायला फुगेवाला होतो, तर विनापरवाना फुगे विकले म्हणून त्यालाच उचलतात. मग चित्रकार होतो, पुन्हा परवाना नाही, पुन्हा गाडीत. शिकारी होतो, पुन्हा तेच. बोलणं काही नाही, नुसती पोलीस गाडी जाताना दिसते, अन् आपण समजतो. तुमचे आण्णा तिथं हसत असणार.

आता माझ्या लहानपणचं. यात्रेत तमाशाची कनात लागायची, अन् तुमच्या सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू यायचे. जुळे भाऊ, लहू आणि अंकुश खाडे. 'जहरी प्याला' या वगात ते हवालदाराची सोंगं घ्यायचे, अन् त्या सोंगांचीच नावं त्यांना जन्मभर चिकटली. आमचे वडील कडक माणूस, घरात हसताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कनातीत त्यांच्या मांडीशी बसून मी वर बघितलं, तर ते पटक्याचं टोक तोंडात कोंबून हसत होते. मी पुढं पोलिसात गेलो ते काही काळू-बाळूमुळं नव्हे, पण खाकी अंगावर चढवली की ते दोघं आठवायचे. लोकांना पोलिसाची भीती वाटते, ताई. भीती वाटती त्याच्यावर हसायला मिळालं की छातीवरचं ओझं उतरतं. मला वाटतं आण्णांना सध्या भीती पडण्याचीच असणार.

---

वारणाकाठ

सगळ्यांशी सहमत आहे, पण एक गोष्ट बोलली गेली नाही, ती बोलतो.

क्लूसोचा नोकर कॅटो. मालकानंच सांगून ठेवल्याप्रमाणे तो घरात कुठूनही झडप घालतो, दोघं मारामारी करतात, मध्येच फोन वाजला की कॅटो थांबून अदबीनं फोन उचलतो. युक्ती म्हणून झकास आहे आणि बर्ट क्वोकनं ती चोख केली आहे. पण क्लूसोच्या 'पिंक पँथर' मालिकेतल्या पुढच्या सिनेमांत त्याच्या वर्णावरून, चिनी असण्यावरून शेरे आहेत, ते मला सहन होत नाहीत. याच सेलर्सनं १९६८ च्या 'द पार्टी'मध्ये तोंडाला रंग लावून भारतीय माणूस केला. तो सिनेमा लोक मोठ्या कौतुकानं सुचवतील. मी दोनदा बघितला, दोन्ही वेळा मध्येच उठलो. पडणाऱ्यावर हसणं आणि माणसाच्या रंगावर, उच्चारावर हसणं यात मला फरक वाटतो, आणि तो जपावासा वाटतो.

मालिकेतलं पुढचं दाखवायचंच तर १९७६ चा 'द पिंक पँथर स्ट्राइक्स अगेन' निवडून निवडून दाखवा. जिन्यावरून कोसळणं आणि हॉटेलातल्या कुत्र्याचा प्रसंग एवढं पुरे. आणि ती प्रसिद्ध सॅक्सोफोनची धून आण्णांना ऐकवायची असेल, तर ती 'अ शॉट इन द डार्क'मध्ये नाही. हेन्री मॅन्सिनीची ती धून १९६३ च्या पहिल्या सिनेमातली. तो सिनेमा मात्र हिऱ्याच्या चोरीचा, डेव्हिड निव्हनचा, संथ आणि बोलका. क्लूसो त्यात बाजूचा. त्याची फक्त सुरुवातीची गुलाबी चित्त्याची कार्टून नामावली लावा, आण्णांना ती पुरेल.

---

शिंप्याची लेक, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, आमच्या अडत दुकानात हळदीच्या सौद्यांची घाई चालू होती, घरी यायला रात्र व्हायची.

आधी झूमचं. रंगपट, तुम्ही म्हणालात तेच झालं होतं. चार रविवार आम्ही कापलेला सिनेमा बघत होतो. पट्ट्या ठेवून लावला, तर बिलियर्डच्या खोलीत काठ्यांचा स्टँड खरंच आधीपासून दिसतो. आण्णांनी तो बघितला, डावा हात पुढं केला आणि पंजा हलवून 'नको, नको' केलं, काठ्या कोसळायच्या आधी. मी थांबवून मनात दहापर्यंत मोजलं. सातव्या आकड्याला त्यांनी पाच बोटं पसरून वरून खाली आणली. सगळं पडणार. मीही तशीच बोटं करून दाखवली.

परवान्याच्या प्रसंगाला हसले, हवालदारकाका. काळू-बाळूंचं मी आत्याला वाचून दाखवलं. तिनंही त्यांना बघितलंय, लग्नाआधी, आण्णा लहान होते आणि तिच्या कडेवर झोपून गेले होते. ही गोष्ट मला माहीत नव्हती. ती ते सांगत होती आणि आण्णा मान डोलवत होते, म्हणजे त्यांना आठवत असावं, किंवा तिच्या सांगण्याचा आनंद असावा.

आत्या या रविवारी बसली आमच्याबरोबर. टीव्हीकडे कमी आणि आण्णांकडेच जास्त बघत होती. काही बोलली नाही, मी विचारलंही नाही.

बुधवारची गोष्ट सांगते. आण्णा वॉकर घेऊन स्वयंपाकघराकडे येत होते. चौकटीशी वळताना वॉकरचा उजवा पाय अडकला, ते तोल जाऊन चौकटीवर खांद्यानं आदळले. पडले नाहीत, पण आवाज मोठा आला. मी पोळपाट सोडून धावले, आत्या पाठीमागून आली. एरवी असं झालं की ते दिवसभर खुर्चीतून उठत नाहीत. या वेळी ते तिथंच थांबले. डाव्या हातानं बनियनची पट्टी खांद्यावर नीट केली. मग त्या चौकटीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, बिघडवून आणलेला कोट गिऱ्हाईकाच्या अंगावर बघायचे तसं, आणि बोटानं तिच्यावर दोनदा टकटक करून कडक आवाजात म्हणाले, "मंगळवार!"

मी म्हटलं, "गवंड्याला बोलावून घेऊ का, आण्णा?"

इतके हसले, की आत्यानं मागून वॉकर घट्ट धरला आणि मी खुर्ची पुढं ओढली. आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचाही पदर तोंडाला होता.

'शर्लक ज्युनियर' उतरवून ठेवलाय. रविवारी चारला लावणार. आत्या म्हणाली चहा साडेतीनलाच उरकून घेऊ, आणि भडंगाचा डबा तिनं आपणहून वरच्या फळीवर ठेवला.